आबांची बाजू

आबा तलावात उतरायचे नाहीत. ते काठावरून चालायचे. मी पाण्यात आणि ते काठावर, असे आम्ही दोघं मिळून पहाटेपासून गिरणीचा भोंगा होईपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचो. बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला स्वतःच्या घरात चालायला जागा नाही की काय!

सोलापुरात तेव्हा महापालिकेचा पोहण्याचा तलाव होता. सकाळी पुरुषांची वेळ, दुपारी बायकांची. मला ती पुरायची नाही, म्हणून चाचांनी आम्हाला सगळ्यांच्या आधीची वेळ दिली होती. चाचा म्हणजे तलावाचे राखणदार, आणि पोहायला शिकवायचेही तेच. तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या गोदीत हमाली केलेले. आमच्या अख्ख्या ओळखीपाळखीत समुद्र बघितलेला तेवढा एकच माणूस. त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं की कोकणातल्या एका बंदरावर दरवर्षी पोहण्याची शर्यत लागते. बेटावरच्या दीपगृहापासून निघायचं आणि किनाऱ्याला यायचं. तीन-चार तास तरी पाण्यातच.

हे माझ्या डोक्यात नाही शिरलं, आबांच्या शिरलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, मला पोहायला आवडायचं, बस्स. समुद्राचं मला काही पडलेलं नव्हतं. पण आबा त्या दिवशी घरी आले आणि जेवताना आईला म्हणाले, "आपली पोरगी समुद्रात पवणार हाय."

आईची भाकरी तव्यावरच राहिली. "समुद्रात? हितं नळाला पाणी यीना आन् तुमी समुद्र आणा घरात!"

आबा वैरागकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या गावात पोरं चालायला लागली की विहिरीत टाकायची, अशी रीतच. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. मलाही त्यांनी तसंच ढकललं होतं, सुट्टीत गावी गेल्यावर. पोरीला कशाला, असं चुलते म्हणाले तेव्हा आबा म्हणाले होते, पाण्याला काय कळतंय पोरगा का पोरगी. ते स्वतः असे पोहायचे म्हणे, की विहिरीच्या तळाची चिखलमाती मुठीत घेऊन वर यायचे. मी ते कधी बघितलं नाही. माझ्या आठवणीतले आबा भवानी पेठेतल्या रंगाच्या कारखान्यातले. चादरीचं आणि टॉवेलाचं सूत तिथं रंगवायचं काम चालायचं. दिवसभर कोपरापर्यंत हात ऊन पाण्यात. नखं कायमची निळी, कोपराच्या घड्यांत कधी हिरवा, कधी राणी रंग. साबणानं जायचा नाही, रॉकेलनं जायचा नाही. आई म्हणायची, लग्नात माझा हात धरला तेव्हापासून तो रंग बघते मी.

तलावात का उतरत नाहीत, तर हेच कारण. मी लहान असताना आबा एकदा उतरले होते. घामानं म्हणा, पाण्यानं म्हणा, अंगावरचा त्या दिवशीचा ताजा रंग सुटला आणि त्यांच्याभोवती पाणी निळसर झालं. लोकांनी असा गलका केला की बास! आबा निमूट बाहेर आले, कपडे घातले, आणि मला सायकलवर बसवून घरी घेऊन आले. त्यानंतर पाण्याला पाय लावला नाही. चाचा कितीदा म्हणाले, "अरे भाई, पहाटं कोण बघतंय? उतर की!" आबा हसायचे नुसते. "नगं. माजा रंग उतरतो."

पण समुद्राचं ठरलं त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य आलं. "तितं किती का रंग उतरंना, समुद्राला काय फरक पडणार हाय? तू पोचलीस का मी उतरतो. दोघं मिळून पवू." हे ते मला शंभरदा म्हणाले असतील. आणि खरं सांगते, दीपगृह, किनारा, बक्षीस यातलं मला काही नको होतं. मला आबांना पोहताना बघायचं होतं. त्यासाठी मी रोज पहाटे त्या बर्फासारख्या पाण्यात उडी मारत होते.

चाचांची शिकवण्याची तऱ्हा वेगळीच. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भिंतीला हात लावायचा न्हाई. समुंदर में दीवार नै रहती बेटी." शर्यतीचा नियमच तसा होता. सोबत एक होडी असते, तिच्यात आपलं एक माणूस बसतं, खायला-प्यायला देतं, पण होडीला हात लावला की संपलं, बाद. म्हणून मी तलावातही टोकाला पोचायच्या आधीच, भिंतीपासून हातभर अंतरावर वळायची. पायरी धरायची नाही, काठ धरायचा नाही. दम लागला तर उताणं पडून राहायचं. भूक लागली की आबा सुताच्या लडी वाळत घालायची लांब काठी आणायचे, तिच्या टोकाला पेला बांधायचे आणि काठावरून माझ्यापुढे धरायचे. पेल्यात हुलग्याचं माडगं, आईनं पहाटे उठून केलेलं, कोमट, लसणाचा वास येणारं. ते पाण्यात तरंगत प्यायचं म्हणजे कसरत होती. निम्मं तलावात जायचं. चाचा म्हणायचे, या तलावाला आता फोडणी बसली.

आणि आबा चालायचे. मी कडेच्या भिंतीजवळून पोहायची, म्हणजे जाताना ते माझ्या उजव्या हाताला, येताना डाव्या. श्वास घ्यायला मान वळवायची तर मी जाताना उजवीकडे वळवायची आणि येताना डावीकडे. का, ते माझं मलाही कळलं नव्हतं. चाचांनी ते हेरलं. शिट्टी मारून मला थांबवलं आणि आबांना म्हणाले, "ये लडकी पानी नै देखती. तेरे कू देखती."

मग त्यांनी आबांना तलावावरच्या आपल्या खोलीत नेऊन बसवलं आणि मला म्हणाले, आता पोह. मी निघाले. मान उजवीकडे वळवली तर काठ मोकळा. परत वळवली, मोकळा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मी अशी काही तिरकी गेले की पलीकडच्या भिंतीवर कोपर घासलं. रक्त आलं. मी पाण्यातूनच ओरडले, "आबांना कशाला आत बसवलंय? बाहेर आणा त्यांना!" मला राग पहिल्यापासूनच लवकर येतो. चाचांनी कपाळाला हात लावला. नंतर दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले, आणि मग ठरलं की सवय मोडत बसायला नको. होडीत चाचांनी बसायच्या ऐवजी आबांनी बसायचं, म्हणजे पोरगी सरळ येईल. तेव्हा ते आम्हा तिघांनाही फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मिठाची भानगड त्यानंतरची. चाचा म्हणाले, खाऱ्या पाण्यानं जीभ सुजते, डोळे जळतात, पोरीला त्याची सवय पाहिजे. आबा म्हणाले, "मिटाचं काय घिऊन बसलाय! आमच्या कारखान्यात पोत्यानं मीट पडलंय." सुतावर रंग धरावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, त्यामुळे तिथं मिठाला तोटा नव्हता. सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून त्यांनी एक मोठा हौद रिकामा केला, घासून घासून धुतला, पाणी भरलं, मीठ ओतलं. आईला दारात राखणीला बसवलं. मी त्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून हातपाय मारले, पाणी तोंडात घेतलं, डोळे उघडले. अर्धा-पाऊण तास. आबा हौदाभोवती गोल गोल चालत होते, सवयीनं.

बाहेर आले तर आईनं किंकाळीच फोडली. मी नखशिखांत गुलाबी! त्या हौदाच्या सिमेंटनं इतकी वर्षं राणी रंग पिऊन ठेवला होता, आणि मीठ पडल्याबरोबर तो सगळा सुटून माझ्या अंगावर बसला. मिठानं रंग पक्का होतो हे ज्याला झोपेतही ठाऊक, त्या माणसानं पोटच्या पोरीला मिठाच्या पाण्यात घालून रंगवली होती. आबा आधी घाबरले, मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. खाली बसून, पोट धरून हसले. आई म्हणाली, "हसा आणखी! आता हिला गणपतीच्या मांडवात बसवा." कॉलेजात पोरी विचारायच्या, होळी लवकर आली का गं तुमच्याकडं? कानामागचा रंग तर कितीतरी दिवस गेला नाही. मी आबांशी आठवडाभर बोलले नाही. काठावरून ते चालत होतेच, आणि मी मान वळवून बघत होतेच, पण बोलत नव्हते.

अबोला त्यांनी टॉवेलानं सोडवला. त्याच राणी रंगात एक टॉवेल रंगवून आणला आणि डोक्याला गुंडाळून काठावर उभे राहिले. "आता लांबनं बी दिसतोय का न्हाई मी?" दिसत होते. पाण्यातून, धुक्यातून, झोपेच्या डोळ्यांनीही दिसत होते.

शर्यत हिवाळ्यात होती, पण लढाई सुरू झाली आणि ती पुढं ढकलली गेली. आम्हाला वाटलं, गेली. पण नव्या वर्षात, बहात्तर सालात, कळवलं की होणार आहे. आई काही आली नाही. तिनं आम्हा दोघांना बसवून शेंगापोळ्या खाऊ घातल्या, वर तूप, बरोबर दशम्यांचा डबा. निघताना मला म्हणाली, "पाण्यात लई पुढं पुढं जाऊ नकोस गं." मी म्हणाले, आई, पुढंच तर जायचंय.

चाचांना बरोबर घेऊन एसटीनं कोल्हापूर, तिथून दुसरी एसटी घाटातून खाली. आबा खिडकीशी बसून होते. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा ते खिडकीचे गज धरून अर्धे उभे राहिले. किनाऱ्यावर गेलो, तर ओल्या वाळूच्या अलीकडेच थांबले. चाचा म्हणाले, जा की पुढं. आबा म्हणाले, "पाय न्हाई भिजवायचा. पोरगी पोचल्यावर." नवस बोलल्यासारखं झालं होतं त्यांचं. मग एक लाट जरा पुढं आली तेव्हा वाकून बोटं बुडवली आणि चाटून बघितली. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीट कमीच टाकलं हुतं गं आपण."

मला आत्ता हे लिहिताना ती बोटं दिसतायत. निळी नखं, त्यांवर पाण्याचा थेंब. जिवंतपणी माणसाकडे पुरतं बघून घ्यायचं राहून जातं, त्याचं फार वाईट वाटतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून होड्यांनी आम्हाला बेटावर नेलं. आमच्या होडीत वल्हवणारा, शर्यतीचे पंच आणि आबा. चाचा किनाऱ्यावर थांबले. आबांनी टॉवेल डोक्याला आवळून बांधला, काठी हातात घेतली, माडग्याचा थर्मास मांडीत धरला. मी पाण्यात उडी मारली आणि निघाले.

काय सांगू, सुरुवातीला इतकं सोपं होतं! पाणी आपल्याला वर उचलतं तिथं, तलावासारखं ओढत नाही. होडी माझ्या उजवीकडे. मान वळवली की राणी रंग. हात मारायचा, मान वळवायची, राणी रंग. मधे एकदा काठीला बांधलेला पेला आला. माडगं त्या खाऱ्या तोंडाला इतकं गोड लागलं म्हणता! आबा ओरडून म्हणाले, "पेल्याला हात लावलेला चालतो न्हवं हो पंच?" पंच हसले. मला वाटलं, आता पोचलोच की आपण.

मग वारा सुटला. पाणी खालीवर व्हायला लागलं. मला त्याचं काही नव्हतं, मी पाण्यातच होते, पण होडी माझ्या वेगानं चालायची म्हणजे जागच्या जागी डुलत राहायची. दर श्वासाला मला आबांचं एक चित्र दिसायचं. एकात ते होडीची कड धरून बसलेले. पुढच्यात तोंड फिरवलेलं. मग वाकून ओकताना. मला पाण्यात हसू आलं, खरंच आलं! शेंगापोळ्या, तूप, दशम्या, सगळं समुद्राला. आमच्यापैकी कुणाच्याही हे डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर आम्ही माझे दंड, माझा दम, माझी जीभ, सगळ्याचा विचार केला. जो माणूस जन्मात होडीत बसला नाही त्याला होडी लागेल, हे काही कुणाला सुचलं नाही. चाचा तरी काय, गोदीत होते, बोटीत नव्हते.

ओकून झालं की ते परत माझ्याकडे तोंड करून बसायचे. पांढरेफटक झालेले, पण बसायचे. टॉवेल सरळ करायचे. मी मनात म्हणत होते, थोडंच राहिलंय आबा, थोडंच. किनाऱ्यावरची माडाची झाडं दिसायला लागली होती. माणसांचे आवाजसुद्धा येत होते.

आणि एका श्वासाला मी मान वळवली तर आबा नव्हते.

होडी होती. वल्हवणारा होता, पंच होते, ते पुढं किनाऱ्याकडे बघत होते. राणी रंग नव्हता. मला वाटलं, लाट आड आली असेल. पुढचा श्वास. नाही. त्याच्या पुढचा. नाही. पडले! एवढंच डोक्यात आलं. ओकताना तोल गेला आणि पडले, आणि यांच्यापैकी कुणी बघितलंच नाही. मी ओरडायला गेले तर तोंडात पाणी गेलं. मग कसली शर्यत आणि कसला नियम! वर्षभर जी भिंतीला बोट लावत नव्हती ती मी, दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि अर्धी वर आले.

आबा होडीच्या तळाला आडवे पडले होते. डोळे मिटलेले, टॉवेल तोंडावर. होडी कलली तसे उठून बसले आणि त्यांचा तो निळ्या नखांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"काय झालं गं?"

"तुमी दिसला न्हाई!"

"हुतो की. हितंच हुतो. जरा आडवा झालो हुतो."

पंच अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा हात लागला."

आबांना ते कळायला वेळ लागला. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग पंचांकडे. मग हात जोडले. "सायेब, तिची काय बी चूक न्हाई. मी आडवा झालो. माजं लिवा की काय लिवायचं ते." पंचांचेही डोळे भरले होते, पण नियम तो नियम. त्यांनी मला होडीत घेतलं. अंगावर टॉवेल टाकला, तोच. किनारा इतका जवळ होता की वाळूवर चाचा दोन्ही हात वर करून नाचत होते, ते मला दिसत होतं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

धक्क्यावर उतरलो. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. कुणाचा ते माहीत नाही. मी आबांना म्हणाले, "चला, उतरा आता समुद्रात. आलोय तर पोहून घ्या." ते मान हलवून म्हणाले, "तू कुटं पोचलीस अजून? फुडच्या वर्षी." मी म्हणाले, "माझं राहू द्या, तुमी उतरा!" हाताला धरून ओढलं त्यांना पाण्याकडे. ते हलले नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि म्हणत राहिले, फुडच्या वर्षी पोरी, फुडच्या वर्षी. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. पाय न भिजवता समुद्रावरून परत आलेला माणूस मी तेवढा एकच बघितला.

घरी आल्यावर आईनं आधी चूल पेटवली. आंघोळीला पाणी काढलं, आबांना ताक-भात दिला.

चाचांनी मात्र नवाच अभ्यास काढला. पहाटे मी पोहायची, आबा काठानं चालायचे आणि मधेच, न सांगता, काठावर आडवे व्हायचे. पाण्यातून दिसायचे नाहीत. आणि मी थांबायचं नाही. "बाप है," चाचा वरून ओरडायचे, "नै दिखता तो भी है! हाथ चला!" पहिले काही दिवस माझा जीव वरखाली व्हायचा. मग जमलं. काठ मोकळा दिसला की मी मनाशी म्हणायची, आडवे झाले असतील, आणि पुढचा हात मारायची. दिवस वर आल्यावर येणारे पुरुष बघायचे, तर रंगानं माखलेला एक धोतरवाला फरशीवर उताणा पडलाय आणि लेक पोहतेय. लोक काय काय म्हणायचे. म्हणू देत.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीला सांगावा लागत नाही. प्यायला पाणी नाही तिथं पोहायला कोण देणार? तलाव रिकामा केला, फाटकाला कुलूप. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, मी सोलापूर सोडलं. शर्यतीचं नाव परत कुणी काढलं नाही. आबांनी पुन्हा समुद्र बघितला नाही. जावई दरवेळी म्हणायचे, चला कोकणात, आणि आबा म्हणायचे, बघू की.

आबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी अजून पोहते. आमच्या इथल्या तलावावर म्हाताऱ्या बायकांची सकाळची वेळ असते. जाताना माझी मान उजवीकडे वळते, येताना डावीकडे. काठावर कुणी नसतं. थांबत नाही मी. चाचांनी आणि आबांनी तेवढं शिकवून ठेवलंय. पण फार आठवण येते हो. पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही, ही एक सोय आहे.

समुद्रापेक्षाही मला त्या दुष्काळातली एक पहाट जास्त आठवते. तलाव रिकामा झाल्यावरची. मी चिडलेली, घरात धुमसत असलेली, आणि आबा म्हणाले, "चल, जाऊन तरी यू." चाचांनी फाटक उघडलं. तलावात पाण्याचा टिपूस नव्हता. तळाच्या फरशा, भेगा, कुणाची तरी हरवलेली वहाण. मी काठावर उभी राहून बघत होते, आणि शेजारी बघते तर आबा चपला काढतायत. धोतर खोचलं आणि शिडीवरून खाली उतरायला लागले.

मी म्हणाले, "आबा, हे काय?"

"आता कुटला रंग उतरायलाय! ये की."

मीही उतरले. उथळ बाजूनं आम्ही निघालो, शेजारी शेजारी. आबांनी हात मारायला सुरुवात केली, कोरड्यातच. विहिरीतलं पोहणं होतं त्यांचं, लांब लांब हात टाकत, छाती पुढं काढून. काय डौल होता! मी बघतच राहिले, मग मीही हात मारत चालले. तसेच खोल बाजूला पोचलो. तिथं भिंती डोक्याच्या कितीतरी वर गेल्या होत्या. आबा थांबले आणि वर बघायला लागले, ज्या काठावरून ते वर्षभर चालले होते तिकडे. पुष्कळ वेळ बघत राहिले.

"हितनं मी दिसायचो व्हय तुला?"

"व्हय."

"येवडा लांब?"

"लांब न्हाई वाटायचं आबा."

आबा भिंतीपासून हातभर अंतरावर, तिला न शिवता, वळले आणि परत हात मारत निघाले. मी त्यांच्या मागून निघाले.